सुकलंय की गार आहे?

जुलै महिन्यात आमच्या घरात एक प्रश्न दिवसातून चारदा तरी विचारला जातो आणि त्याचे छातीठोक उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सकाळी कचेरीत जायच्या घाईत मी पडवीतल्या दोरीवरची पँट चाचपतो आणि आत हाक मारतो, "अगो, ही सुकलीय की नुसती गार आहे?" बायको तव्यावरची भाकरी उलटत आतूनच सांगते, "घालून बघा." घालून बघूनही काही कळत नाही. साडेनऊला कचेरीतल्या रेक्झिनच्या खुर्चीवर बसावे, अकराला चहासाठी उठावे, तेव्हा खुर्चीवर जो नकाशा उमटलेला असतो तो पाहून निकाल लागतो. (आम्ही घरात बोलतो कोकणी आणि लिहितो मराठी. पँट दोन्ही भाषांत तेवढीच ओली राहते.)

उत्तर न मिळण्याचे कारण माणसाच्या कातडीत आहे. कातडीला ऊन कळते, थंडी कळते, दाब कळतो, टोचलेले कळते. ओल कळत नाही. ओल ओळखणारे वेगळे जाणतंतू देवाने माणसाला दिलेलेच नाहीत. थंडावा आणि स्पर्श यांची गोळाबेरीज करून मेंदू अंदाज बांधतो, की हे ओले असावे. एप्रिलमध्ये हा अंदाज सहसा चुकत नाही. जुलैमध्ये पडवीतला कपडा, दोरी, खांब, बाकडे आणि बाकड्यावर बसलेला मी असे सगळेच सारखे गार असतो. मेंदू बिचारा काय सांगणार!

आमच्याकडे या बाबतीत शेवटचा शब्द आईचा. ती कपडा हाताने बघतच नाही. पदराला हात पुसून कपड्याचे टोक उचलते, गालाला लावते, डोळे मिटते आणि तंबोरा जुळला की नाही हे ऐकावे तशी दोन क्षण थांबते. मग निकाल येतो, "आनी एक वर रावूं दी." हा 'वर' म्हणजे पोर्तुगीजांचा तास. आमच्या डिचोलीत पोर्तुगीज तसे उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटी आले. नव्या काबिजादी म्हणतात त्या आम्हीच. १९६१ साली ते गेले आणि धुण्याचा बराचसा सरंजाम मागे ठेवून गेले. बालदी त्यांची, इस्त्री त्यांची असे कोशवाले सांगतात. कोकणीतले बुतांव, म्हणजे शर्टाच्या गुंड्या, त्याही त्यांच्याच. साबणावर अरबही हक्क सांगतात. धुण्याचा दगड तेवढा आपला. आणि पाऊस.

डिचोलीतला आमचा शिरगाव बाहेरच्या जगाला दोन कारणांनी ठाऊक आहे, लईराई देवीची जत्रा आणि लोखंडाच्या खाणी. जत्रेत आग, खाणीत माती आणि वर्षाचे चार महिने पाणी. पंचमहाभूतांपैकी तिघांनी गावात असा तळ ठोकला की कपड्यांना वाली उरतो तो वारा, आणि तो नेमका हवा असतो तेव्हा पेडण्याच्या बाजूला गेलेला असतो. जून ते सप्टेंबर गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या साधारण चौपट. पुण्याचे पाहुणे पावसाळ्यात येतात, पडवीत बसून कांदाभजी खातात आणि "काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडे!" म्हणतात. चौथ्या दिवशी त्यांना बॅगेतल्या बनियनवरही तो हिरवा रंग दिसतो आणि मग ते लवकर निघतात.

अशा पावसातही अधूनमधून उघडीप मिळते. ती किती वेळ टिकेल हे वेधशाळेलाही सांगता येत नाही, पण आमच्या वाड्यावरच्या बायकांना ती सुरू होण्याआधीच कळते. ढगाला भोक पडायचा अवकाश, आठ घरांतून आठ बालद्या खळ्यात येतात. पाच मिनिटांत वाडा निवडणुकीच्या दिवसांसारखा दिसू लागतो. इतके रंग, इतकी फडफड. आणि मग कुठल्यातरी मागीलदारातून आरोळी येते, "पावस! पावस आयलो!" त्यानंतर जे घडते त्याला पळापळ म्हणणे अपुरे आहे. भाकरी तव्यावर, दूध चुलीवर, मूल पाळण्यात ठेवून माणसे दोरीकडे धावतात. या धावपळीत आपले-परके राहत नाही. जवळच्या दोरीवरचे हाती लागेल ते काढायचे आणि छपराखाली नेऊन टाकायचे. नंतर संध्याकाळभर वाटणी चालते. साड्या लगेच ओळखू येतात, शर्टही येतात. पुरुषांचे बनियन मात्र कुणाचे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी स्वतः एका चतुर्थीपासून दुसऱ्या चतुर्थीपर्यंत शेजारच्या आप्पांचे बनियन घालत होतो. त्यांना ते माहीत होते. ते माझे घालत होते.

या सगळ्यात कपड्यांचा जो स्वभाव कळतो तो दुकानदाराला कधी कळायचा नाही. दुकानात सगळी कापडे सारखीच गोड बोलतात. खरी ओळख पिळल्यावर होते.

सुती कपडा भाबडा. पाणी दिसले की पिऊन घेतो आणि मग सोडत नाही. पण मार खाण्यात त्याचा हात धरणारा नाही, कारण ओला झाला की सुताचा धागा उलट अधिक बळकट होतो. आपल्याकडे कपडे दगडावर आपटून धुण्याची जी पद्धत पडली ती सुताच्या जिवावर. मडवळाने, म्हणजे आमच्याकडच्या परटाने, पिढ्यान् पिढ्या धोतरे आपटली, धोतर टिकले. तोच न्याय बायकोने एकदा रेयॉनच्या ओढणीला लावला. रेयॉन दिसायला रेशमाच्या घराण्यातले, पण भिजले की त्याची ताकद निम्म्यावर येते. आपटलेल्या ओढणीचे दोन रुमाल झाले. एक माझ्याकडे अजून आहे.

जीन या वस्तूविषयी मी शांतपणे लिहू शकत नाही. ती खाणमजुरांसाठी अमेरिकेत निघाली म्हणतात. आमचा गाव खाणींचा, पण आमच्या मजुरांनी अर्धी चड्डी घातली आणि ते शहाणे ठरले. सोमवारी धुतलेली जीन बुधवारी मांडीवर वाळते, गुरुवारी गुडघ्यावर, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचे म्हणून अंगात चढवली की खिशात हात घातल्यावर समजते, खिसे अजून सोमवारातच आहेत. जीन पिळणे हे एका माणसाचे काम नाही. एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही विरुद्ध दिशांना पीळ भरतो. संसारात दोघांचा पीळ एकाच कामी येण्याचा हा एवढाच प्रसंग. जुन्या काथ्याच्या दोरीवर ती घातली तर दोरी ओळंबून जमिनीला टेकते आणि काथ्याचा तपकिरी पट्टा वर जीनवर उमटतो. सुंभ जळो न जळो, पीळ आणि डाग दोन्ही राहतात.

टर्किश टॉवेलचे दुःख वेगळे. दुसऱ्याला कोरडे करणे हा त्याचा धंदा, आणि स्वतः तो जूनपासून दसऱ्यापर्यंत कोरडा होत नाही. अंगावरच्या त्या हजारो फासांत पाणी अडकून बसते. आई त्याला घरात घेतच नाही. तिचा भरवसा साध्या पंच्यावर. दोनदा झटकला, पडवीत टाकला, की तासाभरात 'गालाला' पास होतो.

आणि मग पॉलिस्टर. विज्ञानाच्या पुस्तकात एक आकडा असतो: बेताच्या दमट हवेत, वाळलेला म्हणावा असा कपडा स्वतःत किती पाणी धरून असतो. लोकरीत शंभर ग्रॅमला सुमारे १६ ग्रॅम, रेशमात ११, सुतात आठ-साडेआठ, नायलॉनमध्ये ४, आणि पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. हे वाचल्यापासून माझी मनःशांती गेली आहे. लोकरीचा स्वेटर शंभरात सोळा पाणी पोटात घेऊन 'मी सुकलो' म्हणतो आणि आपण ते मानतो! म्हणजे सुकणे हीसुद्धा शेवटी समजुतीची गोष्ट. पॉलिस्टरला ही समजूत नको असते, कारण त्याच्या धाग्यात पाणी शिरतच नाही. वरवर चिकटते आणि झटकले की पडते. १९४१ साली मँचेस्टरच्या एका कंपनीतल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात काय होते मला माहीत नाही, पण मँचेस्टरचा पाऊस नक्की असणार.

शहरातले लोक जुन्या फोटोंतले टेरीकॉटचे शर्ट आणि सफारी बघून हसतात. त्या काळी लोकांना अभिरुची नव्हती असे त्यांचे मत. माझे मत असे, की कोकण आणि गोव्यात टेरीकॉट हवामानखात्याच्या मर्जीने आले. माझ्या वडिलांकडे एक राखी सफारी होता. तो रात्री दहाला धुतला की पहाटे तयार. उन्हाळ्यात तो घालून वडील एसटीत बसले की इडलीपात्रात बसल्यासारखे दिसत, पण जून ते सप्टेंबर वाड्यावर पूर्ण कोरडा माणूस असे एकट्या त्यांनाच म्हणता आले असते. लग्न, बारसे, श्राद्ध, शाळेचे संमेलन, सगळीकडे तोच सफारी. कोणी हसत नसे. बाकीचे ओले होते.

त्याआधीचा काळ नायलॉनचा. पोर्तुगीज अमदानीत पन्नाशीच्या दशकात गोव्यात परदेशी माल येत असे, आणि पलीकडे हिंदुस्थानात आयातीवर कडक बंधने. त्यामुळे नायलॉनच्या साड्यांना सरहद्दीपलीकडे सोन्याचा भाव होता, आणि बांद्याकडे, दोडामार्गाकडे रात्रीच्या वेळी त्या कशाकशातून जात याच्या गोष्टी आमच्याकडची म्हातारी माणसे अजून रंगवून सांगतात. नऊवारी लुगडे चोरून न्यायचे तर पोते लागते. नायलॉनची साडी मुठीत मावते आणि नदीत पडली तरी पलीकडच्या काठावर वाळते. चोरट्या व्यापारासाठी इतके सोयीचे कापड दुसरे नसेल.

नऊवारीचे वाळणे हा मात्र स्वतंत्र सोहळा. नऊ वार म्हणजे आठ मीटरांहून थोडे जास्त. आजीची लुगडी वाळत असत तेव्हा खळ्याचे दोन भाग होत, आणि अलीकडून पलीकडे जायचे तर वाकून जावे लागे. लपाछपीत आम्ही त्याचा लाभ घेत असू, आणि मग आजी हातातली वेताची काठी घेऊन लुगड्यापलीकडून अंदाजाने मारी. अंदाज तिचा चुकत नसे. ओल्या लुगड्यातून पाय दिसतात हे आम्हाला फार उशिरा कळले. आता डिचोलीच्या फ्लॅटांतल्या बाल्कन्या चार फुटांच्या. नऊवारी गेली ती फॅशनमुळे गेली म्हणतात. मला वाटते वाळवायला जागा उरली नाही म्हणून गेली.

ती वेताची काठी मारण्यापुरती नव्हती. आजीचे सोवळे आढ्याजवळच्या वलणीवर, कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर वाळत असे, आणि तिथवर कपडा पोचवायची कला त्या काठीत होती. ओल्या कपड्याची घडी काठीच्या टोकावर, एक हिसका, आणि कपडा वलणीवर पसरलेला, सुरकुती नाही. खाली आम्ही मुले 'शिवू का, शिवू का' करत. तिच्या शास्त्राप्रमाणे सुती कपडा एकदा नेसला की धुतल्याशिवाय सोवळ्यात चालत नाही; रेशमी कद आणि लोकरीची धाबळी मात्र सहसा बाटत नाही, धुवायची गरज फारशी नाही. लहानपणी मला यात बनवाबनवी दिसे. आता कपड्यांच्या आतली चिठ्ठी वाचतो तर तीही तेच सांगते: सूत खुशाल धुवा, रेशीम आणि लोकर शक्यतो धुऊ नका. फरक इतकाच, की आजीला तिचे ऐकायला सगळे घर होते. चिठ्ठीचे कोणी ऐकत नाही.

कापडाप्रमाणे धुणे बदलायचे, हे सांगणारा सगळ्यात जुना माणूस मला सापडला तो मनू. त्याच्या बाकीच्या पुष्कळ हुकुमांबद्दल त्याला कोणी माफ करू नये, पण पाचव्या अध्यायात तो चक्क धोब्यासारखा बोलतो. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने, तलम वस्त्रे बेलफळाने, जवसाच्या धाग्याची पांढऱ्या मोहरीने. रिठा मला पटला. त्याचा फेस सौम्य, आणि आई अजून पैठणीला तोच वापरते. पण रेशमाला खारी माती? रेशीम म्हणजे किड्याच्या तोंडातले प्रथिन, त्याला क्षार सोसत नाही. माझा अंदाज असा, की मनूने हे लिहिले आणि धुतले दुसऱ्या कोणीतरी.

चिठ्ठीवर आता अक्षरेही नसतात, चित्रे असतात. पॅरिसमधल्या एका संस्थेने १९६३ पासून ती जगभर चालवली. टबात हात म्हणजे हाताने धुवा. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोनात वर्तुळ म्हणजे यंत्रात वाळवा, चौकोनात उभी रेघ म्हणजे दोरीवर. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. सपाट! आमच्या घरात पावसाळ्यात सपाट आणि कोरडी अशी एकच जागा असते, फ्रिजचा माथा, आणि तिथे आधीच मोजे असतात. सगळ्या चौकोनांत शोधले, 'पाऊस आला तर काय' याचे चित्र कुठेच नाही.

बेंगळुरूहून भाच्याने मला स्वेटर आणला तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर टबात हाताचे चित्र होते. शिरगावात स्वेटरचे काय काम, असे विचारू नका. एसी बसने मुंबईला जाताना लागतो. मी तो गरम पाण्यात, भरपूर पावडर घालून, मशीनमध्ये फिरवला. लोकरीच्या केसाला माशासारखी खवले असतात. ऊन पाणी आणि घुसळण मिळाली की ती एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. पाऊण तासाने स्वेटर बाहेर आला तो शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला बेताचा बसला. त्याची आई म्हणाली, "कितें बरो जाला! मुद्दाम केलो काय?" मी हो म्हणालो.

मशीनविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्याकडे दोन कप्प्यांचे मशीन आहे आणि दुसऱ्या कप्प्याला सगळा गोवा 'ड्रायर' म्हणतो. तो काहीही वाळवत नाही. कपड्याला गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो, एवढेच. पण नावात ड्रायर असल्यामुळे बाहेर काढलेला कपडा वाळलेला आहे अशी माझी पहिल्या पावसाळ्यात श्रद्धा होती, आणि मी चार शर्ट घडी करून कपाटात ठेवले. आठवड्याने कपाट उघडले तेव्हा आत काहीतरी मेले असावे असे वाटले. जपानी संशोधकांनी २०१२ साली या वासाचा गुन्हेगार शोधून काढला: मोराक्सेला नावाचा एक जीवाणू. धुतल्यानंतरही तो कापडात टिकून राहतो आणि ओल मिळाली की घाम-मळाच्या उरल्यासुरल्यावर संसार थाटतो. हे वाचून मला बरे वाटले. इतकी वर्षे मी तो दोष दोरीच्या बाजूला टांगलेल्या सुक्या बांगड्यांना देत होतो.

सुक्या मासळीचा संबंध अगदीच नव्हता असेही नाही. पावसाळ्याच्या बेगमीची खारी मासळी चुलीच्या वर धुराला टांगलेली असायची, आणि घरातली कोरडी ऊब तेवढ्याच जागी. साहजिकच बाळाची लंगोटी, माझा शाळेचा शर्ट आणि बांगडे एकाच आढ्याखाली. तान्ह्या बाळाचे कपडे तर निखाऱ्यांवर बांबूची पाटी उपडी घालून तिच्यावर पसरत. वर्गात आम्ही कोण काय जेवते ते शर्टावरून ओळखत असू. आता गॅस आला, ती ऊबही गेली. मोजे वाळवायला उरली इस्त्री. आईकडे अजून कोळशाची आहे, नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यांवर चालणारी, पितळी, अर्ध्या घराएवढ्या वजनाची. वीज गेली की तीच. ओल्या मोज्यावर ती ठेवली की जी वाफ उठते तिच्यात मोराक्सेला काय, मनूसुद्धा टिकणार नाही.

पाऊस ओसरला की कपडे वाळतात, पण मग माती. खाणी जोरात होत्या त्या काळात खनिजाचे ट्रक रस्त्याने दिवसभर धावत आणि दोरीवर पांढरे काही टाकणे म्हणजे ते लाल करायला टाकणे होते. शाळेचा पांढरा शर्ट सोमवारी पांढरा, बुधवारी चहाच्या रंगाचा, शनिवारी कुठल्याही रंगाचा. नीळ घातली तर जांभळा. लोखंडाच्या गंजाला साबण काही करू शकत नाही, तो पाण्यात विरघळत नाही आणि फेसालाही भीक घालत नाही. त्याला आंबट लागते. आमच्या परसात बिंबलाचे झाड आहे. बिंबल इतके आंबट, की आमटीत एक पडले तर आपोआप डोळा मिटतो. ते ठेचून डागावर चोळले की त्यातले ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाला धरून ओढून काढते. आमच्या वर्गातल्या मुलांचे शर्ट पांढरे राहिले असतील तर त्याचे श्रेय त्या झाडाला. ते झाड आमचे. ते निम्म्या वाड्याने ओरबाडले.

धूळ एक वेळ परवडली, विहिरी गेल्या त्याचे काय करणार? खाणींचे खड्डे भूजलाच्या खाली उतरले, पाणी उपसले गेले आणि गावच्या बांयी आटल्या. पन्नास पावलांवर खाणीच्या खड्ड्यात तळे, आणि घरात बालदीभर पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग जीन, मग पायपुसणे आणि शेवटी ते पाणी झाडाला, अशी वर्णव्यवस्था. २०१२ साली सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या, आणि मग लिलाव. बंदीच्या काळात ट्रकवाल्यांच्या घरी चूल कशी पेटवावी ही चिंता होती, आणि त्याच घरातल्या दोरीवर चादरी पांढऱ्याशुभ्र. मी एका ट्रकमालकाला म्हटले, "धूळ नाही म्हणून बरं झालं." तो चादरीकडे बघत म्हणाला, "पांढरें खावपाक येता काय?" त्यानंतर मी त्या घरी धुण्याचा विषय काढलेला नाही.

गंज एक वेळ जाईल, काजूच्या बोंडूचा डाग जाणार नाही. मार्च ते मे पेडणे-डिचोलीत ज्याच्या शर्टावर तपकिरी शिंतोडे नाहीत तो माणूस एकतर पाहुणा किंवा आळशी. बोंडूचा रस लागतो तेव्हा नुसते पाणी दिसते. दुसऱ्या दिवशी वर येतो आणि मग जन्माचा सोबती. बिंबल, लिंबू, मीठ, ऊन, कशालाही दाद देत नाही. म्हणून शहाणी माणसे काजूत जाताना ठरावीक शर्ट घालतात, वर्षानुवर्षे तोच. हळदीचा डाग त्या मानाने सज्जन. साबण लागला की लालेलाल होऊन घाबरवतो, पण उन्हात टाकला की आपोआप फिका पडतो. फणसाच्या चिकाला खोबरेल.

आमच्या कपड्यांचे सुगीचे दिवस म्हणजे वैशाख. शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा, त्याआधी देवीचे भक्त, म्हणजे धोंड, व्रताला बसतात. वेगळे राहणे, वेगळे शिजवणे, पाण्याकाठी पुन्हा पुन्हा अंघोळ, आणि मग रात्री होमकुंडातून चालणे. माझ्या ओळखीचा एक धोंड आहे. अकरा महिने तो स्वतःचा रुमालसुद्धा पाण्याला दाखवत नाही. व्रतात मात्र दुसऱ्याचा हात लागायला नको, म्हणून स्वतःचे धोतर स्वतः धुतो, आणि काय निगुतीने! आधी खळबळून, मग हलक्या हाताने पिळून, चारी कोपरे ओढून. वेताच्या काठीचे रंगीत लोकरीचे गोंडे त्या ओल्या धोतराला लागू नयेत म्हणून काठी लांब ठेवून. त्याची बायको दुरून हे बघते आणि काही बोलत नाही. एकदा मात्र माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "देवी विस्तवांतल्यान चलयता, तें म्हाका नवल ना. हाका धुवंक लायता, तें नवल."

त्या दिवसांत ऊन असे असते की धोतर दगडावर टाकून मागे वळावे तो कडक. वर्षभराच्या वाकळी याच वेळी व्हाळावर जातात, पायांनी तुडवल्या जातात आणि तापलेल्या कातळावर पसरतात. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री ती वाकळ अंगावर घेतली की तिच्यातून वैशाखाचा वास येतो. तो आठवडाभर पुरतो. मग पुन्हा पडवी, दोरी, पंखा, फ्रिजचा माथा आणि माझा प्रश्न.

गेल्या जुलैत धाकट्या भावाचा कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. इमारतीच्या गच्चीवर उभा होता, पारा ४५च्या वर, आणि मागे दोरीवर पांढरी सुती चादर पापडासारखी ताठ. "आये," तो ओरडला, "वीस मिन्टां जालीं धुवन! पळय, सुकली!" असे म्हणून त्याने चादरीचे टोक कॅमेऱ्यासमोर धरले. इकडे बाहेर पाऊस कोसळत होता आणि पडवीत तीन दोऱ्या भरल्या होत्या. आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, पदराने काच पुसली, ती गालाला लावली आणि डोळे मिटून दोन क्षण थांबली.

"ना रे," ती म्हणाली, "थंड आसा. आनी एक वर रावूं दी."